पहिला रुपया मातीत

जुन्या कारखान्यांच्या, गॅरेजच्या आणि कचऱ्याच्या जागा साफ करून त्यावर घरे बांधण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न आहे : साफसफाईला सरकारी कर्ज मिळते का? तेव्हा सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमची सोसायटी साकीनाक्याला आहे. भूखंड १,२०० चौरस मीटर, सभासद ३२. इमारत उभी राहण्याआधी मागच्या कोपऱ्यात प्लेटिंगचा (धातूला मुलामा देण्याचा) गाळा होता आणि रस्त्याच्या बाजूला डिझेल गाड्यांचे गॅरेज. आम्ही बिल्डर न घेता स्वयंपुनर्विकास करणार आहोत. बँकेने मातीचा अहवाल मागितला आहे. माती खराब निघाली तर ती साफ करायला वेगळे सरकारी कर्ज असते का? (सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था)

नसते. फक्त माती साफ करण्यासाठी खासगी किंवा सोसायटीच्या भूखंडाला मिळणारी स्वतंत्र सरकारी कर्जयोजना आपल्याकडे नाही. कोणी एजंट ‘पर्यावरण खात्यातून करून देतो’ म्हणत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

म्हणून हा खर्च पुनर्विकासाच्या कर्जातच बसवावा लागतो आणि तो बसतो. जिल्हा मध्यवर्ती बँकांना निवासी बांधकामासाठी कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये दिली. मात्र घरबांधणीचे सगळे कर्ज मिळून बँकेच्या एकूण मालमत्तेच्या ५ टक्क्यांत राहिले पाहिजे. म्हणजे बँकेच्या हातातला पैसा मोजका असतो आणि रांग मोठी असते. त्या रांगेत तुमची फाईल पुढे सरकते ती आकडे पक्के असल्यामुळे.

आता नेहमीची चूक. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा व्यवहार्यता अहवाल करताना पीएमसी (सोसायटीने नेमलेला प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) मातीचा खर्च ‘आकस्मिक खर्च, ५ टक्के’ या ओळीत ढकलून देतो. कागदावर तो दिसत नाही म्हणून सभासद खूश, पण आकस्मिक खर्चाचा पैसा बँक सहसा शेवटपर्यंत हातात ठेवते आणि मातीचे काम येते सगळ्यात आधी, पायाच्याही आधी. पोकलेन दारात उभा, खड्ड्यात हिरवट पिवळे पाणी, आणि कर्जाचा पहिला हप्ता मात्र जोत्याशी बांधलेला, अशी अवस्था होते. मग सभासदांकडून घाईघाईने वर्गणी, नाहीतर कुणा सावकाराकडून महिन्याच्या व्याजाने उचल.

त्यासाठी प्रकल्प अहवालात ‘भूमी शुद्धीकरण’ असे वेगळे शीर्षक घ्या. त्यात किती घनमीटर माती, किती टन, कुठे जाणार, कोणत्या दराने आणि किती दिवसांत, एवढे हवे. शिवाय पैसे कोणत्या कागदावर सुटणार ते बँकेशी आधीच ठरवा. वजनकाट्याची पावती, कचरा वाहतुकीचा मॅनिफेस्ट आणि खड्ड्याच्या तळाच्या व भिंतींच्या नमुन्यांचा अहवाल हे तीन कागद बँकेच्या अभियंत्याला समजतात. ‘काम समाधानकारक झाले’ असे वास्तुविशारदाचे पत्र त्याला समजत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

तपासणीचा खर्च मात्र स्वतःच्या खिशातून करावा लागेल. कर्ज मंजूर होण्याआधीचा तो खर्च असल्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव करून वर्गणीतून तो उभा करा.

प्रश्न : पीएमसी म्हणतो, पायासाठी मातीचा रिपोर्ट झालेला आहे, तोच बँकेला द्या. चालेल का? (वरील सोसायटीचेच खजिनदार, पत्र वेगळे आले आहे, दोघे एकमेकांशी बोलत असावेत अशी आशा)

नाही. पायाचा अहवाल सांगतो की माती किती वजन पेलेल आणि खडक किती खोल आहे. त्या मातीत क्रोमियम आहे की डिझेल, हे त्यात नसते. पण ड्रिलिंगचे यंत्र तेच असते. तेव्हा दोन्ही कामे एकाच वेळी केली तर यंत्र आणण्या-नेण्याचा खर्च एकदाच होतो.

आधी कागद शोधा. प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा जुना नकाशा, महापालिकेचा कारखाना परवाना, गाळ्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, गॅरेजमध्ये जमिनीखाली टाकी असेल तर तिचा स्फोटके विभागाचा परवाना. शेजारच्या जुन्या भाडेकरूंना विचारा की प्लेटिंगचे हौद कुठे होते आणि सांडपाणी कुठे सोडत. नकाशात नसलेला शोषखड्डा बहुधा अशा गप्पांतूनच सापडतो.

मग बोअर. १,२०० चौरस मीटरला १० मीटरचे चौकट जाळे टाकले तर १२ बोअर होतात. हौद, शोषखड्डा, टाकी अशा संशयाच्या जागी एकेक जास्तीचा घ्या. प्रत्येक बोअरमध्ये पहिला अर्धा मीटर, अर्धा ते एक, एक ते दोन आणि मग खडक लागेपर्यंत मीटरमागे एक नमुना. मुंबईत भरणीखाली कुठे मुरूम, कुठे खाडीचा चिकट काळा गाळ लागतो. गाळ प्रदूषण धरून ठेवतो, मुरमातून ते पाण्याबरोबर पुढे सरकते. म्हणून दोन थरांच्या सांध्यावर नमुना हवाच. तीन बोअरमध्ये जाळीचा पाइप बसवून भूजलही घ्या.

प्लेटिंगच्या जागेत सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप), निकेल, जस्त, सायनाइड, आणि धातूवरचे ग्रीस काढायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन तपासा. गॅरेजच्या जागेत तेलाचे एकूण हायड्रोकार्बन, बेंझिन आणि शिसे. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी आणि तिच्या मान्यतेच्या यादीत नेमकी हीच तपासणी असावी. नुसता शिक्का पाहून भुलू नका.

इथे घोटाळे तीन होतात. पाच बोअरची माती एका बादलीत कालवून ‘संमिश्र’ नमुना केला, की एका कोपऱ्यातले विष पाच पटीने पातळ होते आणि अहवाल स्वच्छ येतो. त्याची किंमत पुढे खोदताना मोजावी लागते. दुसरे, बेंझिनसारखी उडून जाणारी द्रव्ये प्लास्टिकच्या पिशवीत टिकत नाहीत. त्यांना काचेची बाटली, घट्ट झाकण, बर्फाची पेटी लागते. पाण्यातल्या सहासंयुजी क्रोमियमची तपासणी २४ तासांत व्हावी लागते. शनिवारी नमुना काढून सोमवारी पोचवला तर तो आकडा बिनकामाचा. तिसरे, इमारत पाडल्यावर तपासणी करणे. राडारोडा, भरणी आणि मूळ माती एकदा कालवली गेली की कोणता थर खराब होता हे कळायला मार्ग उरत नाही. आवारातले बोअर पाडकामाआधी, आणि इमारतीखालचे तेवढे नंतर घ्या.

एवढा खटाटोप का, तर त्याचा हिशेब असा. समजा खराबी १५० चौरस मीटरच्या कोपऱ्यात दोन मीटर खोलपर्यंत आहे. ती ३०० घनमीटर माती होते. घनमीटरला १.८ टन धरले तर ५४० टन, म्हणजे १६ टनांच्या डंपरच्या ३४ खेपा. जाळे न टाकता ‘सगळा प्लॉट दोन मीटर उचला’ म्हटले तर ४,३२० टन आणि २७० खेपा. आठ पट! बारा बोअरचा खर्च त्या फरकापुढे काहीच नाही.

खेपा जातात कुठे हेही महत्त्वाचे. मातीतली धातू किंवा द्रव्ये धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील दुसऱ्या अनुसूचीच्या मर्यादेवर गेली (उदाहरणार्थ झिरप चाचणीत शिसे लिटरला ५ मिलिग्रॅम, पारा ०.२ मिलिग्रॅम), की ती माती धोकादायक कचरा ठरते. मग ती तळोज्यासारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्रातच जाते आणि त्यासाठी मंडळाची परवानगी लागते. केंद्र आधी नमुना मागवते आणि थेट पुरायची, सिमेंट-चुन्याने बांधून पुरायची की जाळायची हे ठरवते. तिन्हींचे दर वेगळे, म्हणून दरपत्रक नमुन्यानंतरच घ्या. ढीग आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मॅनिफेस्टच्या सात प्रतींपैकी पिवळी तुमच्याकडे राहते आणि माल पोचल्यावर केंद्र निळी परत पाठवते. निळी आली नाही तर तुमची माती भिवंडीच्या कुठल्या तरी खाजणात गेली असण्याची शक्यता आहे, आणि कायद्याने ती अजून तुमचीच आहे.

क्रोमियमपुरता एक पर्याय जागेवरच करता येतो. फेरस सल्फेटने, म्हणजे हिराकसाने, सहासंयुजी क्रोमियमचे तुलनेने निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियम होते. रसायनाच्या हिशेबाने एक किलो क्रोमियमला साधारण १६ किलो हिराकस लागतो, प्रत्यक्षात मातीतले इतर घटकही तो खातात म्हणून बराच जास्त. जुन्या काँक्रीटचा चुरा मिसळलेल्या अल्कधर्मी भरणीत ही क्रिया रखडते, म्हणून आधी बादलीत पाच किलो मातीवर प्रयोग करून पाहा. डिझेलसाठी ढीग लावून जिवाणूंकडून माती साफ करण्याची पद्धत स्वस्त आहे, पण तिला महिने लागतात आणि जागा लागते. साकीनाक्याच्या १,२०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ढीग लावायचा तर पायलिंगचे यंत्र उभे कुठे करणार?

आणि हे काम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेर संपवा. जूनमध्ये उघडा राहिलेला खड्डा म्हणजे विषाचा हौद. ते पाणी पंपाने पावसाळी गटारात सोडले तर गुन्हा, टँकरने प्रक्रियेला नेले तर खर्च मातीपेक्षा वर.

प्रश्न : एक बँक ९ टक्के म्हणते, दुसरी १०. कमिटीत यावरून दोन तट पडले आहेत. (एक सभासद, कुर्ला)

तुमचे भांडण चुकीच्या आकड्यावर चालले आहे. मातीत घातलेला रुपया हा प्रकल्पातला पहिला रुपया असतो, आणि विक्रीच्या सदनिकांचे पैसे येईपर्यंत व्याज त्याच्यावर सगळ्यात जास्त काळ चढते. समजा शुद्धीकरणाला ३ कोटी लागले आणि परतफेड ३६ महिन्यांनी सुरू झाली. १० टक्क्यांनी, सरळ व्याज धरले तरी, ९० लाख होतात. हेच ३ कोटी शेवटच्या सहा महिन्यांत टाइल्स आणि लिफ्टवर लागले असते तर व्याज १५ लाख. एका टक्क्याच्या फरकाने तुमचे ९ लाख वाचतात. काम सहा महिने रखडले तर १५ लाख जातात.

म्हणून बँकेला दर विचारण्याआधी विचारा : हप्ता कधी सुरू होणार? त्या काळात व्याज दरमहा भरायचे की मुद्दलात मिळवायचे? शुद्धीकरणाचा हप्ता सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) मिळण्याआधी सोडणार का? शेवटच्याला ‘नाही’ असेल तर ९ टक्क्यांचा काही उपयोग नाही. सप्टेंबर २०१९ च्या स्वयंपुनर्विकासाच्या शासन निर्णयात व्याजात ४ टक्के सवलतीचा उल्लेख आहे. ती मिळाली तर आनंदच, पण तिच्या भरवशावर रोखप्रवाहाचा तक्ता मांडू नका.

प्रश्न : घाण करणारा गाळामालक केव्हाच गेला. खर्च आम्ही का सोसायचा? आणि मंडळाला कळवले तर जागा ‘दूषित’ म्हणून जाहीर होऊन प्रकल्प अडकणार नाही का? (भांडुप)

न्याय तुमच्या बाजूने आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले की प्रदूषण करणाऱ्यानेच निस्तरायचे, नुकसानभरपाईसकट. पण निकाल लागून पैसे हातात पडण्याला जो काळ लागतो, तेवढ्यात तुमची इमारत सी-१ (अतिधोकादायक) वर्गात जाईल.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले, ते समजून घ्या. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासन व स्थानिक संस्थांनी द्यायची, मंडळाने किंवा नेमलेल्या संदर्भ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. धोकादायक १८९ रसायनांची पातळी पाहिली जाते. मर्यादा ओलांडली तर जागा जाहीर होते, तिच्यावर निर्बंध येतात, शुद्धीकरणाचा आराखडा होतो आणि मंडळ ९० दिवसांत जबाबदार व्यक्ती शोधते. खर्च तिच्याकडून, ती सापडली नाही वा ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने सोय करायची. प्रत्यक्ष सफाई अमुक दिवसांत पुरी व्हावी अशी मुदत मात्र नियमांत नाही. हे नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झाले होते फक्त सात ठिकाणी.

तेव्हा आमचे मत असे. प्रदूषण तुमच्या कुंपणात आहे आणि काही शे टनांचे आहे, तर स्वतः खर्च सोसून, परवानगी घेऊन काढून टाकणे स्वस्त पडते. शेजारी कारखाना अजून चालू आहे, भूजल त्याच्याकडून तुमच्याकडे वाहते आहे, तर मंडळाला लेखी कळवाच. नाहीतर तुम्ही साफ केलेली माती दोन पावसाळ्यांत पुन्हा तशीच होईल. लपवण्याचा तिसरा मार्ग आहे असे कुणी सांगेल. खोदकामात निघालेला वास शेजारच्या इमारतीला कळतो आणि काम थांबवायला एक तक्रार पुरते.

प्रश्न : देवनारचे डम्पिंग साफ करायला महापालिका कर्ज काढते की केंद्र पैसे देते? तिथे घरे होणार म्हणतात, ते सुरक्षित आहे का? (गोवंडी)

आकडे मांडले की चित्र दिसते. १९२७ पासूनच्या या डम्पिंगवरचा सुमारे १८५ लाख टन कचरा तीन वर्षांत उपसण्याचे काम महापालिकेने २०२५ मध्ये काढले, खर्च सुमारे २,३६८ कोटी. टनामागे १,२८० रुपये. स्वच्छ भारत अभियान (शहरी) २.० मध्ये जुन्या कचऱ्यासाठी टनाला ५५० रुपये हे प्रमाण धरलेले आहे आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहराला त्याच्या २५ टक्के केंद्र देते. म्हणजे टनाला १३७ रुपये ५० पैसे. पूर्ण १८५ लाख टनांवर ते मिळाले तरी २५४ कोटींच्या आसपास, खर्चाच्या एकनवमांश. बाकीचा भार शहराचाच.

वेगाचा हिशेबही पाहा. पावसाळ्याचे चार महिने ओला कचरा चाळणीला चिकटतो, काम जवळजवळ थांबते. तीन वर्षांतले साधारण ७३० दिवसच हातात. म्हणजे रोज सुमारे २५,००० टन, १६ टनांच्या दीड हजारांवर खेपा, तेही त्याच गोवंडी-मानखुर्दच्या रस्त्यांवरून. खर्च बहुधा इथेच वाढतो. चाळून निघालेले प्लास्टिक-कापड सिमेंट भट्ट्यांना लागते, पण त्या मुंबईपासून लांब आहेत आणि माल ओला वा मातकट असेल तर घेत नाहीत. बारीक मातीसारखा भाग ‘भरणीला चालेल’ म्हणून देण्याआधी त्यातले जड धातू तपासलेच पाहिजेत. नाहीतर एका जागेचे प्रदूषण दहा जागी वाटले जाते.

घरांविषयी : धारावी प्रकल्पासाठी इथली सुमारे १२४ एकर जागा देण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, बंद केलेल्या भरावभूमीवर वस्तीचा विचार १५ वर्षांच्या देखरेखीनंतरच, आणि तोही वायू, झिरपपाणी व जमिनीची स्थिरता तपासून करायचा, असे म्हटले होते. कचरा पूर्ण उपसल्यावर ही अट कशी लागू होते यावर वाद घालता येईल. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते कचऱ्याखालच्या खाडीच्या गाळाचे. जवळपास शंभर वर्षांचे झिरपपाणी त्यात मुरले आहे. ढीग हलला म्हणजे जागा साफ झाली असे नाही. उपसा संपल्यावर खालच्या मातीचे आणि भूजलाचे अहवाल जाहीर होतात का, हे विचारत राहा.

प्रश्न : आम्ही अंबरनाथचे. नगरपालिकेला केंद्राच्या नागरी पायाभूत निधीतून कर्ज मिळते असे वाचले. मुंबईला का नाही?

राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेमार्फत चालणारा हा वर्षाला १०,००० कोटींचा निधी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे ५० हजार ते १० लाख वस्तीच्या शहरांसाठी आहे. दर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा दीड टक्का कमी. अंबरनाथ, उल्हासनगर लोकसंख्येने बसतात, मुंबई बसत नाही. कर्ज राज्याच्या मार्फत येते, खासगी भूखंडाला नाही.

प्रश्न : अमेरिकेत दूषित जमिनींसाठी ‘फिरता निधी’ असतो. तसा मुंबईत का होऊ नये? (एक निवृत्त बँक अधिकारी, दादर)

तिथली रचना अशी. २००२ च्या कायद्याने संघराज्य पर्यावरण संस्था शहरांना, राज्यांना बीजभांडवल देते, एका अनुदानाची मर्यादा १० लाख डॉलरपर्यंत राहिली आहे. त्यातला निदान निम्मा पैसा शहराने कर्ज म्हणूनच द्यायचा, उरलेल्यातून ना-नफा संस्थांना किंवा सार्वजनिक जागांना अनुदान देता येते. कर्ज कमी व्याजाचे वा बिनव्याजी. अट एक, कर्जदार स्वतः प्रदूषण करणारा नसावा. जागा साफ झाली, विकली गेली, की परतफेड निधीत येते आणि पुढच्या जागेला जाते. तपासणीसाठी मात्र वेगळे अनुदान असते, आणि आमच्या मते त्या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. किती माती खराब आहे हे माहीत नसताना कर्ज कोण घेईल?

तिथेही पैसा पडून राहतो. अनुदान मिळण्याची आशा असेल तर कर्ज कोणी घेत नाही, आणि लहान कर्जाला मोठ्या कर्जाइतकेच कागद लागतात.

आपल्याकडे कर्जातून जागा साफ झाल्याचे उदाहरण कोलकात्याचे आहे. २०१० मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या प्रकल्पातून धापा इथली १२.१४ हेक्टर जुनी कचराभूमी झाकून बंद केली गेली. पण ते कर्ज केंद्राने घेतलेले, परतफेड जमिनीतून नव्हे. गोराईच्या डम्पिंगला तर कार्बन क्रेडिटचा आधार मिळाला, आशियाई विकास बँकेच्या निधीने त्याची आगाऊ रक्कम दिली होती. फिरता निधी यांपैकी एकही नाही.

मुंबईत तो चालवायचा तर पैशापेक्षा तारणाचा प्रश्न मोठा. शिवडी, कॉटन ग्रीनसारख्या जमिनी सार्वजनिक मालकीच्या, भाडेपट्टे संपलेले, वाद कोर्टात. पट्टेदाराला कर्ज द्यायचे तर गहाण काय ठेवणार? सोसायट्यांच्या बाबतीत मात्र हे सोपे आहे, कारण विक्रीच्या सदनिका तारण असतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातल्या एक लाख कोटींच्या अर्बन चॅलेंज फंडात शहरांच्या पुनर्विकासाचा उल्लेख आहे. त्यात केंद्र प्रकल्पखर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत देते आणि निदान ५० टक्के रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभे करावे लागतात. म्हणजे १०० कोटींच्या निधीला केंद्राचे २५, बाजारातले ५०, उरलेले राज्य वा पालिकेचे. राज्यांना भांडवली कामांसाठी मिळणारे ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज त्या उरलेल्यात घालता आले, तर सोसायटीला पडणारा दर खरोखर खाली येईल. निवृत्त आहात, वेळ आहे, तर हे गणित पालिकेच्या आयुक्तांपर्यंत पोचवा.

प्रश्न : लालबागच्या एका गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये मुलाने घर घेतले. गिरणीत कसले प्रदूषण?

सूत कातण्याच्या खात्यात फारसे नाही. पण रंगखाते, बॉयलरची कोळशाची राख, ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल यांच्या जागा पाहायला हव्या होत्या. त्या तेलातल्या पीसीबी या विषारी रसायनाचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवण्याचा आदेश २०१६ मध्येच निघाला होता. टॉवरला तीन मजली तळघर असेल तर ती माती तेव्हाच बाहेर गेली आहे. मुलाने काळजी करू नये. जिथे ती गेली तिथल्यांनी करावी.

प्रश्न : मालाडला जुन्या भरावाच्या जागेवरच्या नव्या इमारतीत सदनिका बुक करतो आहे. बिल्डरकडे काय मागू?

माती व भूजलाचा अहवाल, माती उचलली असेल तर मॅनिफेस्टच्या प्रती, आणि तळमजल्याच्या स्लॅबखाली वायुरोधक पडदा व वरपर्यंत नेलेले वायू-पाइप दाखवणारा नकाशा. मालाडमध्येच चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंगवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत जमिनीतून येणाऱ्या वायूंनी संगणक आणि एसीचे भाग गंजून बंद पडत असल्याची चर्चा झाली होती. तेव्हा हा पाइप शोभेचा नाही. पार्किंगमध्ये तो कापून वर टाइल्स बसवलेल्या दिसल्या, तर विचारा. आणि फ्लशला बोअरचे पाणी वापरणार असतील, तर त्या पाण्याचा अहवाल वेगळा मागा.